वाजवून घेतलेले टप

त्या सकाळी नरसम्माच्या अंगनात कोन कोन हुतं ते आदी सांगते. पाटावर पाय लांब करून बसलेली नरसम्मा. तिच्या पायावर तिची नात, नऊ दिसांची, अजून नाव बी ठेवलं न्हवतं. उंबऱ्यात बाळंतीन लेक पद्मा. चुलीपाशी पानी तापवनारी नरसम्माची सासू, तिला ऐकू यायचं न्हाई. शेजारची शारदाबाई, ती साखर मागाय आलती आन् वाटी हातात धरून गप्पा मारत उभी हुती. आन् मी, हौसा, गाठोडं भितीला लावून च्या पीत बसलेली. बाप्यामानूस कोन न्हवतं, समदे मागल्या खोलीत मागावर. मागाची खडखड चालू हुती, म्हनून टप फुटल्याचा आवाज आमी बायकांनीच तेवढा ऐकला.

ह्यातल्या तिघी आता न्हाईत. मी हाय तवर सांगून ठेवते. माजी नात लिवून घेती. मला सही येती, त्याच्या फुडं न्हाई.

माजा धंदा जुन्या कापडावर भांडी द्यायचा. शेरात आमाला बोहारीन म्हनत्यात. डोक्यावर पाटी, पाटीत भांडी, पाठीला गाठोडं. सोलापुरात गल्लोगल्ली हाळी देत फिरायचं. बाई घरातली जुनी कापडं काढती, आपन भांडं दावायचं. ती म्हनती लई कमी, आपन म्हनायचं लई झालं, आन् अर्ध्या तासानं आपनच फसलो आसं तोंड करून दोघींनी उठायचं. येवढाच धंदा.

पर त्यात बी पारख लागती. धोतर उन्हात धरायचं, इरलेलं आसलं तर ऊन गाळून येतं. सदऱ्याची काख बगायची, प्यांटीची बैठक बगायची. लुगडं घडीवर फाटतं, म्हनून घडी मोडून वढून बगायची. साडी रेशमाची का नायलॉनची हे कळत नसलं तर पदराचा एक दोरा काढून काडी लावायची. रेशीम जळलं की केस जळल्यावानी वास येतो आन् बोटात चुरली तर राख हुती. नायलॉनची राख हुत न्हाई, कडक गोळी हुती. हे मला आईनं शिकवलं. मी आट वर्साची हुते तवा तिच्या मागं फिराय लागले. साळंचं तोंड दोन वरसं बगितलं, तेवढंच.

आमच्यात एक रीत हुती. गाठोड्यात गेलं ते गेलं. एकदा एका मास्तराच्या बायकोनं त्येची टेरिकॉटची प्यांट दिली आन् बादली घेतली. मास्तर सायकल हानत माज्या मागं.

"बाई, ती प्यांट माजी हाय."

"सकाळी हुती, मास्तर. आता माजी हाय."

"अवो, उद्या शाळंत तपासनी हाय."

"मंग धोतर नेसून जावा. सायेबाला बरंच वाटंल."

दोन गल्ल्या तो सायकल हातात धरून माज्या मागं आला. म्या दिली न्हाई. त्या वक्ताला मला लई ताठा हुता ह्या गोष्टीचा.

माजा मालक गिरनीत हुता. त्येच्या छातीत कापसाचं तूस बसलं, खोकल्यानं काम सुटलं, घरी बसला. दोन लेकरं. घर माज्या पाटीवर चाललं. हे रडगानं म्हनून सांगत न्हाई, तसं हुतं म्हनून सांगते.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या आसपास बायकांनी पितळंची, जर्मनची भांडी नको म्हनाय सुरवात केली. दारात गेलं की पैला सवाल, "हौसाक्का, पलाष्टिक आनलंस का?" त्येंचं बी बरोबर हुतं. नळाला पानी तासभर यायचं, त्या तासात पळून पळून घागरी वाहायच्या. हलकं भांडं कोनाला नको? आन् चिंच लावून घासायचं काम न्हाई. रंग बी लाल, निळा, पिवळा.

म्हनून मी यापाऱ्याकडं गेले. त्येच्याकडं दोन तऱ्हेचे टप हुते. एक हुता मळका मळका, मेणावानी हाताला लागायचा, कड दाबली की आत जायची. दुसरा हिरवा, काचंवानी चकचकीत, कड दाबली तर जागची हलत नसायची. दर सारकाच.

आता माजी चूक काय झाली ती बगा. पितळंचं भांडं घेताना आमी बोटाचं पेर मारून वाजवतो. चिरलेलं भांडं भद वाजतं. धड भांडं ठन्न वाजतं आन् आवाज उलीसा रेंगाळतो. ही आईची शिकवन, त्यात मी कदी फसले न्हवते. म्या मळक्या टपावर पेर मारलं, तो म्हनला भद. हिरव्यावर मारलं, तो म्हनला ठन्न. मी डझनभर हिरवे घेतले.

यापारी म्हनला, "पारख हाय बाई तुमची."

तो खोटं बोलला न्हाई. खरं बी बोलला न्हाई. आन् मी, जी साडीचा दोरा जाळल्याबिगर साडी घेत न्हवती, त्या टपाची कपची बी जाळून बगितली न्हाई.

चार दिसात समदे गेले. मी शेवटचा ठेवलेला नरसम्माला दिला. नरसम्मा पद्मशाली, घरात तेलगू बोलायची, माज्याशी मराठी. तिच्या घरी चादरीचे माग हुते आन् ती दिसभर चरक्यावर कांड्या भरायची. कांडी म्हंजे मागाच्या धोट्यात बसती ती सुताची नळी. लेक बाळंतपनाला आलती. न्हाऊ घालायला पितळी घंगाळ हुतं, पर ते दोघींनी उचलावं आसं जड, आन् नरसम्माची कंबर धरलेली.

म्या म्हनलं, "नरसम्मा, ह्यो एका बोटानं उचल."

"एका बोटानं उचलायला मी किस्नदेव हाय का गं?"

"तू उचलून तर बग."

तिनं उचलला. हसली. आन् टरंक उघडून जरीकाठाचं पातळ काढून दिलं.

आता त्या सकाळचं. तिळाचं तेल लावून पोरीचं अंग रगडून झालतं. सासूनं चुलीवरचं कडत पानी टपात वतलं, इसवन घालायला थंड पान्याची कळशी बाजूला हुती. नरसम्मानं तेलाच्या हातानं टपाची कड धरून तो जवळ वढला. टाक आसा आवाज झाला, कंदिलाची काच जाती तसा. टप बुडापास्नं कडंपतुर उकलला. समदं कडत पानी नरसम्माच्या मांड्यांखाली गेलं.

तिला उठता येत न्हवतं, पायावर पोर. तिनं पोरीला दोनी हातांनी सरळ वर धरलं, डोस्क्याच्या वर. आन् तशीच बसून ऱ्हायली. वरडली न्हाई. मला म्हनली, "हौसा, पोर घे."

म्या पोर घेतली. मंग ती एका कुशीवर पडली. पडल्यावर पैलं काय इचारलं तर, "पिल्लाला शिताडा तर न्हाई न लागला?" न्हवता लागला. एक थेंब न्हाई.

सासूला काय झालं ते कळंना, ती नुसती "काय गं, काय गं" करत ऱ्हायली. शारदाबाईनं साखरंची वाटी टाकून कळशीतलं थंड पानी वतलं आन् माज्याकडं बगून म्हनली, "आदी आमची कापडं नेली, आता कातडी बी न्यायला आलीस का?"

पोर माज्या खांद्यावर झोपून गेलती.

दवाखान्यात न्यायला टांगा आनला. टांग्यात घालताना नरसम्मा शारदाबाईला म्हनली, "तू हिच्याकडनं टप घेतलास का?"

"घेतला की."

"मंग घरात जा, त्यातलं पानी काड. भांडन मागनं कर."

ह्या एका बोलानं मी भानावर आले. आजून अकरा टप लोकांच्या घरात हुते.

फुटक्या टपाचे तुकडे पदरात बांधून मी अक्कलकोट रोडला गेले, चालत. एमआयडीसीत तवा थोड्याच शेडा हुत्या, बाकी माळ. तितं उस्मानचाचा मोडकं पलाष्टिक इकत घेऊन दळायचा, ते दळलेलं परत कारखान्यात जायचं. मी कदीमदी त्येला मोडक्या चपला, बादल्या देत आसायची. त्येनं एक तुकडा हातात घेऊन वाकवला. मधी पांढरी रेघ उठली आन् तुकडा मोडला.

"ये कैसा लिए तुम?"

"वाजवून घेतला, चाचा."

तो हसला न्हाई. म्हनला, "बाई, पीतल बजता सो सच बोलता. ये बजता सो झूट बोलता."

मंग त्येनं चूळ भरली, बिडी इजवली आन् मला बसवून समदं दावलं. अर्धा दिस त्येचं काम बंद ठेवून. त्येचं त्यात काय न्हवतं. आज बी मी त्येला हात जोडते.

पान्याच्या पिंपात त्येनं चार तुकडे टाकले. मळक्या बादलीचा तुकडा तरंगला. माज्या टपाचा बुडाला. पान्याच्या नळीचा बुडाला. इजंच्या बटनाचा काळा तुकडा बी बुडाला. मंग येकेक पकडीत धरून पेटवला. बादलीचा मऊ माल मेणबत्तीवानी जळला, वास बी मेणाचा, थेंब थेंब गळला. त्येच्यावर नखानं रेघ वढली तर उठती, हाताला बुळबुळीत लागतो. कडत पान्यात तो लुळा पडतो, वाकडा हुतो, पर एकाएकी फुटत न्हाई. भद वाजतो तो ह्योच, आन् त्योच चांगला. नळीचा, बुटाचा माल इस्तवातनं भाईर काढला की इजतो, त्येचा धूर घशाला झोंबतो. इजंच्या बटनाचा काळा माल इतळतच न्हाई, एकदा घडला ते घडला. आन् माज्या टपाचा माल, तो भडाभडा पेटला, काळी जाळी हवंत उडाय लागली, वास गोडसर.

"ये कंगी का माल हय. डिब्बी का, खिलोने का. इसका टप बनाए सो बेवकूफ."

त्येनं आनकी एक गोष्ट सांगितली, ती माज्या काळजात बसली. हा कडक माल थंड कोरड्या जागी ऱ्हातो. पर त्येला तेल लागलं की आतनं खातं, घासलेट लागलं तर इरघळतोच. तेलाचा हात आन् वर कडत पानी, म्हंजे मरन. आन् म्या तो कशाला दिला हुता, तर न्हाऊ घालायला.

घरी येऊन मालकाला सांगितलं, टप परत आनायचे. कापडं तर कवाच बाजारात इकली हुती, नरसम्माच्या पातळाची जर सोनाराला दिली हुती. यापारी परत घेनार न्हाई, ते इचारून बगितलं, न्हाईच म्हनला. मंग बदल्यात द्यायचं काय? घरातली भांडी.

मालक म्हनला, "समदी दिलीस तर खायाचं कशात?"

"परात ऱ्हाती की."

"चौघांनी एका परातीत?"

"लगीन झालं तवा जेवलोच न्हवं एका ताटात."

तो हसला, हसता हसता खोकला आला, मंग सोताच उठून फळीवरनं पातेली काढून द्याय लागला. आईची तांब्याची कळशी त्येनंच पुसून माज्या पाटीत ठेवली. लई कमी बोलायचा मानूस. पर त्या दिशी "नको" म्हनला आसता तर मी काय करनार हुते?

आता टप कुनाकुनाला दिले ते कसं आटवलं म्हनाल. बोहारीन वही ठेवत न्हाई. मी कापडं आटवली. निळ्या काठाचं नऊवारी, चिंचंच्या झाडापशी घर. दोन पांढरे सदरे, खिशाला शाईचे डाग, ते कारकुनाचं घर. कोपरावर फाटलेलं लोकरीचं स्वेटर, जिन्याखालची खोली. येकेक कापड डोळ्याम्होरं आलं की त्येच्यामागं दार आलं.

गाठोड्यात गेलेलं परत न देनारी मी, आता दारोदार भांडं देऊन भांडं मागत हुते. बायकांना खरं वाटंना. एक म्हनली, "ह्याच्यात कायतरी गोम हाय. मला टप आवडलाय, मी देत न्हाई. तुला दुसरीकडं जास्त कापडं मिळत आसतील." चौघी तिच्या बाजूच्या झाल्या. म्या वाद घातला न्हाई. शारदाबाईचा टप मागून घेतला, गल्लीच्या मधी ठेवला, आत तेलाचं बोट फिरवलं, समद्यांना लांब सारून कडत पानी वतलं. थोडा येळ काय झालं न्हाई. ती बाई हसाय लागली. मंग टाक झालं.

हसनारीनंच आदी टप आनून दिला.

भांडी घेताना शारदाबाई मातूर म्हनली, "मी तुला कातडीचं बोलले." म्या म्हनलं, "बोललीस ते बरोबरच हुतं." तिनं कळशी घेतली न्हाई. "आईची हाय न ती, ऱ्हाऊ दे," म्हनली. वर आर्धा शेर साखर पदरात घातली. तशी ती तोंडानं फटकळ, पर तो महिनाभर तिच्याच साखरंवर आमचा च्या झाला.

नरसम्माला दीड महिना नीट बसता आलं न्हाई. चरका बंद म्हंजे मागाला कांड्या न्हाईत, कांड्या न्हाईत म्हंजे माग उभा. म्हनून मी दुपारची फेरी सोडून तिच्याकडं कांड्या भराय लागले. ती कुशीवर पडून बगायची. पैल्या दिशी सूत सारकं तुटायचं.

"हात सैल सोड, हौसा. कांडी हाय ती. कोंबडीवानी मान नको पिळू."

"मला कोंबड्यांचीच सवय हाय."

"म्हनून तर तुझ्या घरची कोंबडी अंडं देत न्हाई."

आसं ती पडल्या पडल्या बोलायची आन् मी भरायची. तिच्या मांडीवरच्या फडक्याकडं मी बगत न्हवते, तिला ते कळायचं. ती एकदा बी म्हनली न्हाई की तू हे केलंस. मीच एकदा म्हनले तर म्हनली, "तू फसलीस, मी फसले. पोर वाचली. आता ती कांडी भर."

ती बरी झाली तरी गल्लीत माज्या नावानं कुजबुज हुतीच. एका बाईनं मला दारातनंच हाकललं. नरसम्मा भिंतीचा आधार घेत भाईर आली आन् म्हनली, "फुटकं देऊन जानाऱ्या लई बगितल्या. फुटकं परत न्यायला आलेली ही एकच हाय. हिला हाकलून कोनाला बोलावनार हायस?" त्यापुढं त्या गल्लीत मी चाळीस वरसं फिरले. लेकरं शिकली, लेकीचं लगीन झालं, मालकाला औशिद मिळालं, ते ह्या गल्लीतल्या बायकांच्या जुन्या कापडावर. आन् पद्माची ती पोरगी, तिनं सोताच्या लेकीच्या लग्नात मला पैलं कुकू लावून पाटावर बसवलं. मला लई मिळालं. मी देवाजवळ तक्रार करत न्हाई.

पुढं मी मळका, मऊ मालच दिला. दारात टप उलटा करून दावायची, बायकांना नखानं रेघ मारायला सांगायची. कडत पान्याला त्यो बी नको म्हनून सांगायची. माल कमी खपायचा, पर लाज येईल आसं काय घडलं न्हाई परत.

पर हिशेब माजा पुरा झाला न्हाई. बारा टपांतला एक नरसम्माकडं फुटला, शारदाबाईचा धरून धा मी गोळा केले आन् उस्मानचाचाच्या चक्कीत घातले. एक मिळाला न्हाई.

तो मी एका गरवार बाईला दिला हुता. भाड्याच्या खोलीत ऱ्हायची, सातवा महिना आसंल. बाप्याचा तपकिरी कोट दिला तिनं, त्येची तीन बटनं काळी आन् एक पांढरं हुतं. टप घेताना म्हनली, "आता लेकराच्या आंगोळीची काळजी मिटली." मी परत गेले तर खोलीला कुलूप. शेजारीन बी नवीनच ऱ्हायला आलेली, ती म्हनली, बाळंतपनाला गेली, वेळापूरकडची हाय. मी एसटीनं दोनदा वेळापूरला गेले. देवळाम्होरं, बाजारात, पान्याच्या आडावर इचारलं. लोक म्हनले, नाव सांगा. मला नाव ठावं न्हवतं. म्या इचारलंच न्हवतं. बोहारीन नाव इचारत न्हाई, कापड बगती.

ती रंगानं सावळी हुती, हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदन, बोलताना "व्हय की" लई म्हनायची. नवरा सोलापुरात मागावर हुता, पर कुटल्या कारखान्यात ते कळलं न्हाई, आन् खोलीत फुडं दुसरंच बिऱ्हाड आलं. टप थंड पान्याला वापरला आसंल, आसं मी मनाला सांगते. पर ती तर लेकराच्या आंगोळीचंच बोलली हुती.

हे वाचनाऱ्यांत वेळापूरकडचं कोन आसंल, आन् आसली बाई कोनाची आई, मावशी, सासू आसंल, तर तिला इचारा, सोलापुरातनं आनलेल्या हिरव्या टपाचं फुडं काय झालं. तिचं लेकरू नीट हाय का. जे आसंल ते, चांगलं आसो का वंगाळ, हा अंक काढनाऱ्यांना कळवा. ते मला वाचून दावतील.